घरी वाजवायला सिंथ (सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं वाद्य): यंत्र घ्यावं की लॅपटॉपवर भागवावं?

चतुर्थी जवळ आली की कुडाळच्या आमच्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो: "घरात लॅपटॉप आसा, मगे येगळो सिंथ कित्याक व्हयो?" प्रश्न रास्त आहे. आम्ही यंत्रंही विकतो, तरी बऱ्याच ग्राहकांना नुसता कंट्रोलर कीबोर्ड (स्वतःचा आवाज नसलेला, लॅपटॉपमधला आवाज वाजवणारा) देऊन घरी पाठवतो. कोणाला आणि का, ते या पत्रकात आहे.

आधी एक घोटाळा दूर करू. सिंथ मागायला आलेल्या पुष्कळांना खरं तर अरेंजर कीबोर्ड हवा असतो: केहरवा लावला, पट्टी काळी चारवर नेली, भजन सुरू. बहुतेक सिंथमध्ये असा तयार ठेका नसतो, तिथे आवाज आपण घडवायचा असतो. शिवाय १९७० सालच्या मिनीमूग या गाजलेल्या सिंथच्या चालीवर बनलेले सिंथ एका वेळी एकच सूर देतात. तीन सूर एकदम दाबले तरी वाजणार एकच. बिल फाडण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

आता आवाजाचं. यामाहाचा डीएक्स-७ हा डिजिटल सिंथ १९८३ साली आला, तेव्हाही त्याच्या पोटात चिप आकडेमोडच करत होती. तीच आकडेमोड आज 'डेक्स्ड' नावाचं मोफत सॉफ्टवेअर करतं. 'सर्ज एक्सटी' हे सिंथ-सॉफ्टवेअर मोफत आहे, 'व्हायटल'चीही मोफत आवृत्ती मिळते. म्हणजे डिजिटल आवाजासाठी यंत्र घ्यायलाच हवं, असं आता राहिलेलं नाही. अस्सल अॅनालॉगचा, म्हणजे आकडेमोडीऐवजी थेट विजेच्या सर्किटमधून आवाज काढणाऱ्या सिंथचा, स्वभाव थोडा वेगळा: तापमान बदललं की सूर किंचित हलतो, त्यातच त्याची गोडी. पण पखवाज आणि झांजांच्या गजरात ती गोडी कोणाच्या कानापर्यंत पोचत नाही, असं आमचं मत. श्रुतींचे प्रयोग करायचे असतील तर उलट सॉफ्टवेअरच घ्या. सर्जमध्ये स्वरांची जागा हवी तशी बांधता येते.

लॅपटॉपची खरी अडचण उशिराची. की दाबल्यापासून आवाज येईपर्यंत जो वेळ जातो त्याला लेटन्सी म्हणतात. संगणक आवाज छोट्या तुकड्यांत तयार करतो. सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने (सॅम्पल) धरले तर ५१२ नमुन्यांच्या तुकड्याला सुमारे १२ मिलिसेकंद लागतात, १२८ च्या तुकड्याला सुमारे ३. ड्रायव्हरचा, म्हणजे लॅपटॉप आणि आवाजाच्या यंत्रणेला जोडणाऱ्या प्रोग्रामचा, उशीर त्यावर वेगळा. एकट्याने वाजवताना तो चालवून घेता येतो, पण पखवाजी समोर बसला की लगेच म्हणतो, "मागे पडतंय." विंडोजवर असिओ (ASIO) हा कमी उशिराचा ड्रायव्हर टाका, साधासा ऑडिओ इंटरफेस (लॅपटॉपबाहेरचं साउंड कार्ड) जोडा, तुकडा १२८ किंवा २५६ वर ठेवा. ब्लूटूथ स्पीकर वाजवण्यासाठी नकोच, तो गाणी ऐकायला ठेवा.

लॅपटॉप लावल्यावर स्पीकरमधून घूं असा आवाज आला तर चार्जर काढून बघा. आवाज थांबला तर दोष बहुधा अर्थिंगच्या बाजूचा आहे, सॉफ्टवेअरचा नाही. जुन्या घरांत अर्थिंग नावापुरतंच असतं, आणि जांभ्याची जमीन उन्हाळ्यात सुकली की तेही उतरतं. वायरमनला दाखवा. जुन्या पाच पिनांच्या मिडी केबलला (कोणती की दाबली हा संदेश नेणारी केबल) हा त्रास सहसा होत नाही, कारण तिचा संदेश यंत्राच्या आत प्रकाशातून पलीकडे जातो, विजेची थेट जोडणी नसते.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या ग्राहकांनी पुढचं नीट वाचावं. कीच्या खाली रबराची पट्टी असते, तिच्यावर कार्बनचे दोन छोटे ठिपके. की दाबली की आधी एक टेकतो, मग दुसरा, आणि दोघांमधल्या वेळावरून सूर हळू की जोरात ते ठरतं. खाऱ्या हवेचा आणि पावसाळी ओलीचा थर तिथे बसला की हा हिशेब चुकतो: एखादी की मुकी होते, नाहीतर हलकेच दाबली तरी ठणकन वाजते. नॉब फिरवताना खरखर येते. मोठा, नॉबांनी भरलेला सिंथ किनाऱ्यावरच्या घरात उघडा ठेवणं म्हणजे दुरुस्तीला आमंत्रण. कंट्रोलरलाही कीज असतातच, त्यामुळे तोही सुटत नाही, पण तो बिघडला तरी तुमचे आवाज लॅपटॉपमध्ये शाबूत राहतात आणि खिशालाही कमी चाट बसते. सुती कापड झाका, मृगाआधी कीबोर्डच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. प्लॅस्टिक गुंडाळू नका, ओल आतच कोंडते.

मग यंत्र कोणी घ्यावं? जो जत्रेत, डबलबारीत, मंडपात वाजवतो त्याने. बटण दाबलं की आवाज तयार हवा, ऐन गजरात विंडोजचं अपडेट नको. ज्याला स्क्रीनकडे बघून वाजवायचा कंटाळा येतो त्यानेही. यंत्राची आणखी एक बाजू: चाळीस वर्षांपूर्वीचा सिंथ दुरुस्त करून आजही वाजतो. सॉफ्टवेअरचं तसं नाही. अॅपलच्या २०१९ च्या मॅकओएसमध्ये जुने ३२-बिट प्लगइन (आवाज देणारी जोड-सॉफ्टवेअरं) चालेनासे झाले, त्यांच्यावर बांधलेली गाणी अडकली. म्हणून काम झालं की प्रत्येक ट्रॅक ऑडिओत उतरवून ठेवा.

दुकानात येताना तुमचा लॅपटॉप, चार्जर आणि नेहमीचे हेडफोन घेऊन या. कंट्रोलर इथेच जोडून, लेटन्सी तपासून, तुमच्या हाताने वाजवून मग ठरवा. जुना कीबोर्ड पडून असेल तर तोही आणा. मागे मिडी किंवा यूएसबीचं भोक चालू असलं तर नवा कंट्रोलर कशाला, त्यावरच भागेल.