रामरीच्या मगरींनी हजार सैनिक खाल्ले नव्हते
१९४५ च्या फेब्रुवारीत ब्रह्मदेशातल्या रामरी बेटावर खाऱ्या पाण्यातल्या मगरींनी एका रात्रीत हजारेक जपानी सैनिक खाल्ले आणि फक्त २० वाचले, ही गोष्ट अजून फिरतेय, पण ती खरी नाहीये. ५०० च्या आसपास सैनिक तिथून निसटले होते, बाकीचे बरेचसे तहानेने, आजाराने, बुडून नाहीतर गोळ्या लागून गेले (ते मरण काय कमी भयानक होतं का), काहींना मगरींनी ओढलंही असेल. मुळात ही मगर थंड रक्ताची, एकदा पोटभर खाल्लं की कित्येक दिवस काढते, आणि शिकार करते ती पाण्यात दबा धरून, एकेकाला ओढून बुडवून. टोळीने फौजेवर तुटून पडणं तिचा स्वभावच नाही, आणि एवढी माणसं संपवतील इतक्या संख्येने मगरी बेटावरच्या खारफुटीत एरवी जगल्या असत्या तरी काय खाऊन?