मिशनचे ‘पेपर टाकायचे’ म्हणजे नेमकं काय? मॉर्मन मिशनरी होण्याची पात्रता, कागदपत्रं आणि प्रक्रिया

आयटीतल्या मराठी माणसाला ‘पेपर टाकले’ म्हटलं की राजीनामा आठवतो. अमेरिकेतल्या युटा राज्यात राहायला आलो त्या वर्षी शेजारीणबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, “आमच्या धाकट्याने कालच पेपर टाकले!” मी चेहरा पाडून विचारलं, “का, काय झालं?” त्या हसत सुटल्या. तिकडे पेपर टाकणं म्हणजे मिशनरी होण्यासाठी अर्ज करणं. पुढचे पाच महिने त्या घरातली धावपळ मी जवळून पाहिली. इथल्या मराठी घरांतून हा प्रश्न वारंवार येतो, कारण मुलांचे शाळासोबती बारावीनंतर अचानक दोन वर्षांसाठी गायब होतात. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहितो.

आधी नावाचं. हे मिशनरी पाठवणाऱ्या चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’, मुख्यालय सॉल्ट लेक सिटी. ‘मॉर्मन’ हे लोकांच्या तोंडातलं नाव. २०१८ मध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ते वापरू नका असं आवाहन केलं, त्यामुळे अर्जात हा शब्द शोधू नका. लेखात मी तो ठेवलाय, तो निव्वळ ओळख पटावी म्हणून.

अर्ज कोण करू शकतं

मुलगे १८ ते २५ वयाचे, अविवाहित. शाळा पूर्ण झालेली हवी, म्हणजे आपल्या हिशेबाने बारावी. २०१२ च्या ऑक्टोबरपर्यंत मुलांसाठी किमान वय १९ आणि मुलींसाठी २१ होतं. त्या महिन्यात ते अनुक्रमे १८ आणि १९ केलं, आणि अर्जांचा असा पूर आला की ५८ हजारांच्या आसपास असलेली मिशनऱ्यांची संख्या दोन वर्षांत ८५ हजारांवर गेली. मुलींसाठीही किमान वय १८ करण्याचा निर्णय २०२५ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला. मुलांची मुदत २४ महिने, मुलींची १८. मुलांसाठी हे धार्मिक कर्तव्य मानलं जातं. मुलींचं स्वागत आहे, पण सक्ती नाही. निवृत्त जोडप्यांसाठीही मिशन असतं, त्याचे नियम वेगळे आणि बरेच सैल.

वयाची अट सोपी आहे. खरी चाळण पुढे लागते. उमेदवार चर्चचा सदस्य हवा. नव्याने बाप्तिस्मा घेतला असेल तर साधारण वर्षभर थांबावं लागतं. दारू, तंबाखू, अमली पदार्थ वर्ज्य, लग्नाआधी शरीरसंबंध वर्ज्य, उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला दिलेला हवा. चहा आणि कॉफीसुद्धा वर्ज्य. सकाळचा कप सोडायचा म्हटलं तर आपल्याकडचे निम्मे उमेदवार इथेच गळतील. (पुदिन्याचा किंवा गवती चहाचा काढा चालतो, त्यात चहाची पत्ती नसते म्हणून.)

अंगावर कर्ज असेल तर ते फेडलेलं हवं, नाहीतर मिशनच्या काळात कोण फेडणार याची व्यवस्था दाखवावी लागते. कोर्टाच्या देखरेखीखाली असलेल्याला, किंवा पदरात लहान मूल असलेल्याला जाता येत नाही.

तब्येतीमुळे घराबाहेर दोन वर्षं झेपणार नसतील तर ‘सर्व्हिस मिशन’ असतं. घरी राहून अन्नछत्र, रुग्णालय, गरजूंसाठीचं गोदाम अशा ठिकाणी काम करायचं. पूर्वी त्याचा अर्ज वेगळा होता. २०१९ पासून दोन्हींसाठी एकच ऑनलाइन अर्ज आहे, आणि कुठल्या प्रकारचं मिशन द्यायचं हे वरून ठरतं.

सुरुवात कुठून होते

बिशपपासून. बिशप म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर झग्यातले वसईचे बिशप येतात. इथला बिशप बिनपगारी असतो. आठवडाभर तो विमा विकतो किंवा कोड लिहितो, आणि रविवारी चारेकशे लोकांच्या ‘वॉर्ड’चा कारभार बघतो. अर्जाचं ऑनलाइन पान उमेदवाराला स्वतःहून उघडता येत नाही, बिशपने त्याचं नाव घातलं की लिंक मिळते. अशी काही वॉर्ड मिळून एक ‘स्टेक’ होतो. बिशपच्या मुलाखतीनंतर स्टेकचा अध्यक्ष दुसरी मुलाखत घेतो.

मुलाखतीतले प्रश्न ठरलेले आहेत आणि २०१७ पासून ते जगजाहीर आहेत. श्रद्धेबद्दल, वागणुकीबद्दल, कर्जाबद्दल, कायद्याच्या भानगडींबद्दल, शरीराच्या आणि मनाच्या आजारांबद्दल. पाठ करून जाण्यात अर्थ नाही. उत्तरं खरी हवीत एवढंच. काही चूक कबूल केली तर बहुतेकदा नकार मिळत नाही, थांबायला सांगतात. लपवलेली गोष्ट मात्र मिशनवर गेल्यावर मनाला खाते आणि पोरं तीन महिन्यांत घरी येतात. असं परतणं इथल्या समाजात किती जड जातं ते बाहेरच्याला कळायला वेळ लागतो.

भारतातल्या अर्जदारासाठीही हीच वाट आहे. देशातला पहिला स्टेक २०१२ मध्ये हैदराबादला झाला. जिथे स्टेक नाही, छोट्या शाखाच आहेत, तिथे दुसरी मुलाखत मिशनचा, म्हणजे मिशनरी जिथे काम करतात त्या विभागाचा, अध्यक्ष घेतो. बंगळूरचं मिशन १९९३ पासूनचं, नवी दिल्लीचं २००७ पासूनचं. पण या मंडळींची मराठी मुलखाशी ओळख त्याहून फार जुनी आहे. ह्यू फिंडले नावाचा मिशनरी १८५२ मध्ये मुंबईत उतरला, मग पुण्यात आला, मराठी शिकायला लागला. लष्कराच्या छावणीत उपदेश करायला त्याला मज्जाव झाला. जेमतेम डझनभर माणसांची शाखा जमली, आणि काही वर्षांत सगळं आवरून तो परत गेला.

कागदपत्रं, आणि दातांचं काय?

ऑनलाइन अर्जात स्वतःची माहिती, शिक्षण, येत असलेल्या भाषा, खर्च कोण किती उचलणार याचा तपशील, आणि एक फोटो. फोटो पासपोर्टसारखा रडका नको. मुलाचा पांढरा शर्ट, टाय, केस कापलेले, चेहऱ्यावर हसू. तो का महत्त्वाचा ते पुढे सांगतो.

पण अर्ज अडतो तो वैद्यकीय फॉर्मवर. डॉक्टरने पूर्ण तपासणी करून, लसींची नोंद तपासून फॉर्म भरायचा. मानसिक आजारासाठी कधी उपचार घेतले असतील तर त्या डॉक्टरचा किंवा समुपदेशकाचा वेगळा अहवाल. आणि दंतवैद्याचा स्वतंत्र फॉर्म: किडलेले दात भरले, चालू उपचार संपले, पुढची दोन वर्षं दातांची मोठी तक्रार येऊ नये.

इथेच अक्कलदाढ आडवी येते. युटातल्या दंतवैद्यांकडे उन्हाळ्यात जा, सुजलेल्या गालांवर बर्फाची पिशवी धरलेली अठरा वर्षांची पोरं रांगेने दिसतील. दोन वर्षं परदेशातल्या एखाद्या खेड्यात असताना दाढ उसळू नये म्हणून ती आधीच काढून टाकतात. शेजारच्या पोराने चारही एका दिवसात काढल्या. आठवडाभर तो सफरचंदाचा गर आणि दही यांवर होता. एवढं सोसून अर्ज मात्र तीन आठवडे लटकला, कारण दवाखान्याने फॉर्मचं शेवटचं पान अपलोडच केलं नव्हतं. पोर्टलवर पिवळी खूण दिसत होती आणि सगळ्यांना वाटत होतं की वरून तपासणी चालू आहे. शेवटी आईने फोन केला, तेव्हा स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, “अय्या, ते प्रिंटरवरच राहिलं.” तेव्हा दोन्ही डॉक्टरांच्या वेळा सगळ्यात आधी घ्या आणि फॉर्म पोचल्याची खात्री स्वतः करा.

पासपोर्टचा अर्ज त्याच आठवड्यात टाकलेला बरा. काही देशांच्या व्हिसासाठी जन्मदाखला, बोटांचे ठसे, पोलिसांचा दाखला आणि त्यावर अपोस्टील (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारा सरकारी शिक्का) लागतं, पण ते कुठे पाठवलं जातंय हे कळल्यावर. ब्राझीलसारख्या देशाचा व्हिसा रखडला तर मिशनऱ्याला तोवर अमेरिकेतल्याच एखाद्या मिशनमध्ये तात्पुरतं कामाला लावतात. भारतात येणाऱ्या परदेशी मिशनऱ्याला मिशनरी व्हिसाच लागतो, पर्यटक व्हिसावर हे काम चालत नाही.

‘कॉल’ येतो तेव्हा

निघता येईल त्या तारखेच्या चार-पाच महिने आधी अर्ज पुढे पाठवता येतो. आणि इथे नोकरीच्या अर्जाशी असलेलं साम्य संपतं. देश निवडता येत नाही, भाषाही नाही, शहर तर नाहीच. सॉल्ट लेकमध्ये चर्चचे एक ‘प्रेषित’, म्हणजे सर्वोच्च बारा जणांपैकी एक, पडद्यावर उमेदवाराचा फोटो आणि माहिती समोर ठेवून प्रार्थना करून जागा ठरवतात. म्हणून तो हसरा फोटो. २०२४ मध्ये जगभरात ४५० मिशन होती. त्यांतलं कुठलंही मिळू शकतं. एक भाऊ मादागास्करला आणि दुसरा शेजारच्या आयडाहोला, असं सर्रास होतं. आयडाहोवाल्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो, पण कुरकुर करायची पद्धत नाही.

‘कॉल’ म्हणजे नेमणुकीचं पत्र. पूर्वी ते मोठ्या पांढऱ्या पाकिटात टपालाने यायचं. २०१८ च्या अखेरीपासून मंगळवारी ईमेल आणि मेसेज येतो. तो कोणी एकट्याने उघडत नाही. आजी-आजोबा, चुलत भावंडं, वर्गमित्र दिवाणखान्यात कोंबलेले, लांबचे नातेवाईक व्हिडिओवर, भिंतीवर जगाचा नकाशा आणि प्रत्येकाने आपापल्या अंदाजावर टाचणी लावलेली. आम्हीही गेलो होतो. माझ्या बायकोने टाचणी बंगळूरवर लावली. निघालं फिलिपिन्स, भाषा सेबुआनो.

पत्रात मिशनचं नाव, भाषा, प्रशिक्षण केंद्र आणि हजर व्हायची तारीख असते, खाली चर्चच्या अध्यक्षांची सही. स्वीकारल्याचं उत्तर ऑनलाइन पाठवायचं. त्यानंतर उरलेल्या लसी, व्हिसा, मंदिरातला विधी (हे मंदिर रविवारच्या प्रार्थनागृहाहून वेगळं, भारतासाठी बंगळूरला एक २०१८ मध्ये जाहीर झालं आणि २०२० च्या डिसेंबरात त्याचं भूमिपूजन झालं). निघण्याच्या आदल्या दिवशी वगैरे स्टेकचा अध्यक्ष डोक्यावर हात ठेवून नेमणूक करतो. त्या क्षणापासून मुलगा ‘एल्डर’ अमुक आणि मुलगी ‘सिस्टर’ तमुक. पहिलं नाव दोन वर्षं गुंडाळून ठेवायचं.

खर्च

पगार नाही. उलट उमेदवाराने किंवा घरच्यांनी दरमहा ठरावीक रक्कम चर्चकडे भरायची. १९९१ पूर्वी ज्याला जपान मिळे तो कफल्लक होई आणि ज्याला स्वस्त देश मिळे तो सुटे. त्या वर्षापासून एका देशातून जाणाऱ्या सगळ्यांना सारखीच रक्कम, मग नेमणूक कुठेही असो. रक्कम उमेदवाराच्या देशानुसार बदलते, भारतातून जाणाऱ्याला अमेरिकन आकडा लागू होत नाही. नेमका आकडा बिशपकडूनच घ्या, तो अधूनमधून बदलतो. कमी पडलं तर वॉर्ड आणि चर्चचा सामायिक निधी भर घालतो. कपडे, बूट, बॅगा मात्र पदरच्या. कॉलेजात प्रवेश मिळालेला असेल तर जागा आणि शिष्यवृत्ती राखून ठेवण्याचा अर्जही निघण्याआधीच करायचा. युटातल्या कॉलेजांना हे इतकं सवयीचं आहे की त्यासाठी वेगळा फॉर्मच असतो.

कशावर सही करतोय ते आधी बघा

प्रशिक्षण हल्ली थोडं घरून ऑनलाइन आणि मग केंद्रात. सगळ्यात मोठं केंद्र युटातल्या प्रोव्हो इथलं, तिथे ५० हून अधिक भाषा शिकवतात. भाषा येत असेल तर काही आठवड्यांत सुटका, नवी शिकायची तर दोन महिन्यांच्या आसपास.

पुढचा दिवस साधारण असा: साडेसहाला उठणं, व्यायाम, अभ्यास, दहापर्यंत बाहेर, रात्री नऊला खोलीवर, साडेदहाला दिवे बंद. देशाच्या रीतीप्रमाणे तासाभराचा फरक चालतो. छातीवर नावाची काळी पट्टी. सोबत कायम एक जोडीदार, तोही वरून ठरवलेला. न्हाणीघर सोडलं तर त्याच्या नजरेआड व्हायचं नाही. दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते, जोडीदार किंवा गाव बदलू शकतं. प्रेमप्रकरण नाही, सिनेमा नाही, फोन आहे पण कामापुरता. दिवसाचा बराच भाग नकार ऐकण्यात जातो. उरलेल्या वेळात कोणाचं सामान हलवून दे, कोणाला इंग्रजी शिकव.

आठवड्यातला एक दिवस स्वतःचा, त्याला ‘पी-डे’ म्हणतात. कपडे धुणं, बाजार, केस कापणं आणि घरी फोन. २०१९ पूर्वी घरचा आवाज वर्षातून दोनदाच ऐकू यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. आता दर आठवड्याला व्हिडिओ कॉल चालतो. शेजारीणबाईंच्या स्वयंपाकघरात रविवारी रात्री टॅबलेट पिठाच्या डब्याला टेकवलेला असतो, कारण फिलिपिन्समध्ये तेव्हा सोमवार उजाडलेला असतो. पोरगा बादलीत शर्ट घुसळत बोलतो. कॉलर घासायचा ब्रश आपल्याकडचाच वाटावा असा, निळ्या प्लास्टिकचा. आई इकडून ओरडते, “अरे, आतून घास!”

मुदत संपली की विमानतळावरून घरी आलं तरी पट्टी काढायची नसते. आधी स्टेकच्या अध्यक्षाला भेटायचं, तो मुक्त करतो, मगच ती उतरते आणि पहिलं नाव परत मिळतं.