आयएसबीएन म्हणजे कॉपीराइट नव्हे

‘आयएसबीएन घेतला की पुस्तकाचा कॉपीराइट आपल्या नावावर होतो’, असा संदेश नवलेखकांमध्ये वर्षानुवर्षे फिरतो आहे. असा समज होणं साहजिक आहे, कारण दोन्ही गोष्टी बहुधा एकाच पानावर छापलेल्या असतात.

आयएसबीएन हा फक्त पुस्तकाचा ओळखक्रमांक. १३ अंकांपैकी ९७८ नंतरचे ८१ किंवा ९३ भारताचे, पुढचे प्रकाशकाचे, मग त्या पुस्तकाचे आणि शेवटचा पडताळ्याचा. सगळ्या अंकांना डावीकडून आळीपाळीने १ आणि ३ ने गुणून बेरीज करा. तिला १० ने पूर्ण भाग जात नसेल, तर क्रमांक चुकलेला आहे. यात लेखकाच्या नावाला कुठे जागाच नाही. शिवाय पेपरबॅक, हार्डकव्हर आणि ई-बुक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. मजकुरावरचा हक्क मात्र एकच.

तो हक्क मजकूर लिहून होताच लेखकाकडे येतो (पगारी नोकरीचा भाग म्हणून केलेलं लेखन वेगळं). १९५७च्या कॉपीराइट कायद्यात नोंदणी ऐच्छिक आहे. वाद झाला, तर ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते, आणि हा फायदा लहान नाही.

खरं तपासायचं ते प्रकाशकाशी केलेलं करारपत्र. त्यात हक्क हस्तांतरित केलेत की नुसता प्रकाशनाचा परवाना दिलाय? कोणते हक्क, किती वर्षं, कोणत्या प्रदेशासाठी? हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षं धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. आयएसबीएन प्रकाशकाने स्वतःच्या नावे घेतला, तरी यातलं काहीही बदलत नाही.