घड्याळ पुढे का पळतं, मागे का पडतं

माझं एक जुनं ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप किल्ली भरून घेणारं घड्याळ एके दिवशी अचानक वेड्यासारखं पळायला लागलं. एरवी दिवसाला पाच-सहा सेकंद पुढे जायचं, त्याचं काही नाही, पण त्या दिवशी सकाळी उठून बघतो तर रात्रभरात चक्क चार मिनिटं पुढे. पडलं नव्हतं, आपटलं नव्हतं, पाणी गेलं नव्हतं. मला वाटलं झालं, मशीन गेलं. मग बराच वेळ डोकं खाजवल्यावर आठवलं की रात्री ते मी टॅबलेटच्या कव्हरवर काढून ठेवलं होतं, आणि ते कव्हर चुंबकाने चिकटून बंद होणारं.

घड्याळं जमवायचा नाद लागला की सुरुवातीला माणूस डायल, काटे, पट्टे यातच अडकतो, मीही तसाच होतो. खरी मजा मला लागली ती एका साध्या वहीने. रोज ठरलेल्या वेळी मोबाईलच्या वेळेशी घड्याळ ताडून बघायचं आणि किती सेकंद पुढे किंवा मागे ते लिहून ठेवायचं, बस. दोन-तीन आठवड्यांत त्या आकड्यांवरून कळायला लागतं की आत काय चाललंय. डॉक्टर नाडी बघतो ना, साधारण तसलाच प्रकार.

आधी हे बघा की आपण यंत्राकडून मागतो काय. दिवसात ८६,४०० सेकंद असतात. घड्याळ दिवसाला १० सेकंद चुकलं की लोक तोंड वाकडं करतात, पण ती चूक जेमतेम ०.०१२ टक्के होते, म्हणजे घड्याळ ९९.९८ टक्क्यांहून जास्त बरोबर आहे, आणि हे सगळं स्प्रिंग आणि दातेरी चाकांच्या जोरावर, तेही हाताला हिसके बसत असताना! मेकॅनिकल घड्याळाचं हृदय म्हणजे बॅलन्स व्हील, एक छोटं चाक जे झोपाळ्यासारखं एकदा इकडे एकदा तिकडे फिरतं, आणि त्याला परत मागे खेचणारी केसासारखी बारीक गुंडाळलेली हेअरस्प्रिंग. डच शास्त्रज्ञ क्रिस्तियान हायगेन्सने १६७५ मध्ये ही स्प्रिंगची कल्पना जाहीर केली आणि इंग्लंडात रॉबर्ट हूक खवळला, ही आयडिया माझी आहे म्हणून. भांडण कोणाचंही खरं असो, त्या आधी खिशातली घड्याळं दिवसाला भरपूर चुकायची, स्प्रिंग आल्यावर चूक मिनिटांवर आली. आजची बरीचशी घड्याळं तासाला २८,८०० ठोके देतात, म्हणजे सेकंदाला आठ, वर्षाला २५ कोटींच्या वर. त्यातल्या प्रत्येक ठोक्याला किती वेळ लागेल ते ठरवते ती स्प्रिंग, तिची जाडी, तिचा कडकपणा आणि मुख्य म्हणजे तिची लांबी.

आता माझ्या घड्याळाचं काय झालं ते सोपं आहे. बऱ्याचशा हेअरस्प्रिंगा लोखंड-निकेलच्या मिश्रधातूच्या असतात. चुंबक लागला की स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटतात किंवा चिकटू बघतात, त्यामुळे काम करणारी लांबी कमी होते, आखूड स्प्रिंग जास्त ताठ, ताठ स्प्रिंग चाकाला पटकन मागे खेचते, आणि घड्याळ पळतं. म्हणून अचानक मिनिटांच्या हिशोबात पुढे गेलेलं घड्याळ दिसलं की पहिला संशय चुंबकावर घ्यायचा. स्पीकर, फ्रीजच्या दाराची पट्टी, पर्सचं बटण, मोबाईलची केस, चुंबक कुठे नाही आता? तपासायला साधं होकायंत्र पुरतं, घड्याळ जवळ नेऊन हळूच हलवलं आणि सुई नाचली तर समजायचं.

यावरचा उपायही मस्त आहे. डीमॅग्नेटायझर म्हणजे एक कॉइल, तिच्यातून एसी करंट सोडला की चुंबकाची दिशा सेकंदात कितीतरी वेळा उलटसुलट होते. घड्याळ तिच्यावर धरायचं आणि बटण दाबलेलंच ठेवून हळूहळू लांब न्यायचं. जोर कमी कमी होत जातो तसे धातूतले चुंबकी कण कुठल्याच एका दिशेला तोंड करून राहत नाहीत, सगळी शिस्त मोडते आणि चुंबकपणा जातो. पहिल्यांदा मी घाईत घड्याळ कॉइलवर असतानाच बटण सोडलं होतं, आणि ते होतं त्याहून वाईट झालं. दुसऱ्यांदा नीट केलं, दहा सेकंदांचं काम, पुन्हा पाच-सहा सेकंदांवर गाडी रुळावर.

स्प्रिंगचा दुसरा शत्रू तापमान, आणि याच्यामागची गोष्ट मला फार आवडते. साधी पोलादी स्प्रिंग तापली की मऊ पडते, इतकी की एका अंशाने गरम झालं तरी घड्याळ दिवसाला अंदाजे दहा-अकरा सेकंद मागे पडायचं. विचार करा, हातात घातलं आणि टेबलावर काढून ठेवलं यातच किती फरक! शे-दीडशे वर्षं घड्याळवाल्यांनी दोन धातू जोडून बॅलन्स व्हील बनवायचे काय काय खटाटोप केले, गरम झालं की चाकाची कड आत वळायची आणि स्प्रिंगचा मऊपणा भरून निघायचा. मग शार्ल एदुआर ग्योम नावाचा स्वित्झर्लंडचा माणूस आला, घराणंच घड्याळवाल्यांचं, पण हा पॅरिसजवळच्या वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेत काम करायचा. मोजपट्टीसाठी स्वस्त धातू शोधता शोधता १८९६ मध्ये त्याला ३६ टक्के निकेल असलेलं असं पोलाद सापडलं जे तापवलं तरी जवळजवळ वाढतच नाही, ते इन्व्हार. पुढे त्याने एलिन्व्हार काढलं, ज्याचा ताठपणा तापमानाने फारसा बदलत नाही, म्हणजे हेअरस्प्रिंगला अगदी हवं तेच. १९२० चं फिजिक्सचं नोबेल या मिश्रधातूंच्या कामासाठी मिळालं. आज आपण उन्हातून एसीत जातो आणि घड्याळाला पत्ताही लागत नाही, ते याच वाटेने पुढे आलेल्या मिश्रधातूंमुळे.

गंमत म्हणजे क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर आणि स्फटिकावर चालणारी घड्याळं तापमानातून सुटलेली नाहीत. जमवणारे लोक क्वार्ट्झला नाकं मुरडतात, मला ते पटत नाही, विज्ञान म्हणून ते जास्तच भारी आहे. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते हे झाक आणि पिएर क्युरी या भावांनी १८८० मध्ये दाखवलं, आणि उलटंही होतं, वीज दिली की स्फटिक थरथरतो. घड्याळातला क्वार्ट्झ हा दोन टोकांच्या चिमुकल्या चिमट्यासारखा कापलेला असतो आणि सेकंदाला बरोबर ३२,७६८ वेळा थरथरतो. हा विचित्र आकडा का, तर तो दोनचा पंधरावा घात आहे, चिपने पंधरा वेळा निम्मं करत नेलं की उरतो सेकंदाला एक ठोका. सेइकोने २५ डिसेंबर १९६९ ला पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विकायला आणलं आणि पुढच्या दहा-पंधरा वर्षांत स्विस उद्योगाची पार दाणादाण उडाली, ती कहाणी वेगळी. तर तापमान. हा चिमटा २५ अंशांच्या आसपास सगळ्यात वेगात थरथरतो, त्याहून गरम झाला तरी हळू, थंड झाला तरी हळूच, आणि फरकाच्या वर्गाच्या हिशोबाने. २० अंश खाली गेलं तर दिवसाला साधारण सव्वा सेकंद मागे, महिन्याला पस्तीस-छत्तीस. म्हणून हातात असताना अगदी बरोबर चालणारं क्वार्ट्झ घड्याळ कडाक्याच्या थंडीत ड्रॉवरमध्ये पडून राहिलं की मागे पडलेलं दिसतं. सेल उतरला म्हणून लगेच बदलू नका, आधी चार दिवस घालून बघा.

सेल खरंच संपला असेल तर मात्र तो त्याच दिवशी काढून टाका, हे मी ओरडून सांगेन. संपलेला सेल महिनोनमहिने आत राहिला की गळू शकतो, आणि आतलं अल्कलाईन द्रव्य सर्किट आणि संपर्कपट्ट्या खाऊन टाकतं. चुंबक काढता येतो, हे नाही काढता येत.

आता तेल. मेकॅनिकल घड्याळ आणि सर्व्हिसिंग या विषयावर जेवढे वाद होतात त्यातले निम्मे तरी तेल म्हणजे काय हे समजलं की संपावेत. बॅलन्स व्हीलच्या आसाचं टोक साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतं, म्हणजे आपल्या केसाच्या आसपास, आणि ते टोक लालचुटुक माणकाच्या भोकात फिरतं. डायलवर १७ ज्वेल्स किंवा २१ ज्वेल्स लिहिलेलं असतं ते हेच. दागिना म्हणून त्याची किंमत शून्य, कारण १९०२ मध्ये व्हेर्नॉय नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने ज्वाळेत माणिक बनवायची पद्धत जाहीर केली तेव्हापासून ही माणकं कारखान्यात बनतात. माणिक घेतात कारण ते हिऱ्याखालोखाल कठीण आणि एकदम गुळगुळीत. त्या भोकाभोवती वाटीसारखा खळगा असतो, तेलाचा कण तिथे केशाकर्षणाने धरून राहतो, वाहून जात नाही. पण तो कण एवढासाच असला पाहिजे. जास्त घातलं की तेल खळग्याबाहेर पसरतं आणि जिथे पाहिजे तिथून उलट ओढलं जातं, म्हणजे जास्त तेल घातल्याने घड्याळ कोरडं पडतं! एका सरावाच्या मशीनवर मी हा पराक्रम केलाय, शिवाय थोडं तेल हेअरस्प्रिंगला लागलं, वेढे चिकटले आणि घड्याळ पळायला लागलं, अगदी चुंबक लागल्यासारखं. होकायंत्राची सुई मात्र ढिम्म. तेव्हापासून आधी होकायंत्र, मग निदान.

वर्षं गेली की तेल घट्ट होतं किंवा पसरतं, त्यात बारीक धूळ आणि धातूचा कीस मिसळतो आणि वंगणाचं पॉलिश पेपर होतं. घड्याळ चालूच असतं हो, हीच तर फसवणूक आहे. पण बॅलन्स व्हीलचा झोका, म्हणजे ते एका बाजूला किती अंश फिरतं ते, लहान झालेला असतो. टाइमग्राफर नावाचं यंत्र माइकने टिकटिक ऐकून हा झोका अंशांत सांगतं, हल्ली मोबाईलवर अ‍ॅपही आहेत, अंदाजापुरते ठीक. पूर्ण किल्ली दिलेलं, डायल वर करून ठेवलेलं तब्येतीचं मशीन साधारण २७० ते ३१० अंश झोका घेतं, २०० च्या खाली गेलं की त्याला सर्व्हिसिंगलाच न्यायचं, मग ते वेळ कितीही बरोबर दाखवो. वहीत हे वेगळ्या रूपात दिसतं, किल्ली दिल्यावर पहिले काही तास एक चाल आणि दुसऱ्या दिवशी भलतीच चाल.

घड्याळं सतत फिरवत ठेवणारे विंडर मी वापरत नाही. बंद घड्याळ झिजत नाही, एवढा साधा हिशोब. अधूनमधून एकेकाला किल्ली देऊन चालवतो, ते तब्येत बघायला. तारीख असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात झटपट बदलायच्या भानगडीत पडू नका, कारण तेव्हा तारीख फिरवणारा दात चाकात गुंतलेला असू शकतो आणि तुम्ही दुसरीकडून जोर लावलात की तुटतो. आणि काचेच्या आत वाफ दिसली तर ‘वाळेल आपोआप’ म्हणत थांबू नका. डायलवर पाणीरोधकतेचा आकडा म्हणून लिहिलेले ३० मीटर म्हणजे तीस मीटर खोल बुडी मारा असं नाही, तो स्थिर दाबाचा आकडा आहे, आणि पाणी अडवणाऱ्या आतल्या रबरी कड्या, म्हणजे गॅस्केट, वर्षागणिक कडक होतातच.

जुन्या घड्याळांचा शौक असणाऱ्यांना एक गोष्ट माहीत हवीच. विसाव्या शतकाच्या पहिल्या निम्म्यात अंधारात चमकणाऱ्या डायलना रेडियमचा रंग लावायचे. अमेरिकेत तो रंग भरणाऱ्या मुली ब्रशला टोक काढायला तो ओठांत धरायच्या, आणि त्यातल्या कितीतरी जबड्याची हाडं सडून, कॅन्सरने गेल्या. आज ते डायल अंधारात चमकत नाही म्हणून लोकांना वाटतं रेडियम संपलं. तसं नाही, थकलंय ते चमकणारं झिंक सल्फाइड, रेडियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, १,६०० वर्षं आहे, ते तिथेच आहे. असं घड्याळ बंद असेल तोवर ठीक, पण घरी उघडून काट्यावरचा रंग खरवडू नका, ती धूळ श्वासातून आत जाणं हाच खरा धोका. नंतर आलेल्या ट्रिशियमचं अर्धायुष्य फक्त १२.३ वर्षं, ते आता बहुतेक विझलंय, आणि आजची घड्याळं चमकतात ती उजेड साठवून परत देणाऱ्या स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेटवर.

ते टॅबलेटवालं घड्याळ अजून माझ्याकडे आहे. वहीतून त्याची आणखी एक खोड सापडली, उभं ठेवलं की ते वेगळं चालतं. बॅलन्स व्हीलचा तोल अगदी परफेक्ट कधीच नसतो, उभं ठेवलं की गुरुत्वाकर्षण त्या जड बाजूला ओढतं, शिवाय आसाचं घर्षण वाढतं. ब्रेगे या घड्याळकाराने १८०१ मध्ये टूरबियॉंचं पेटंट घेतलं ते याच कारणाने, बॅलन्स व्हील ज्यात बसवलंय तो सगळा पिंजराच गोल फिरवायचा म्हणजे चुका एकमेकींना खातात. माझ्या घड्याळात टूरबियॉं नाही, पण दिवसभर हातात ते सहा सेकंद पुढे जातं आणि रात्री किल्लीची बाजू खाली करून कुशीवर ठेवलं तर पाच सेकंद मागे येतं. म्हणून ते तसंच झोपतं, टॅबलेटपासून लांब.