संप केवळ कृष्णवर्णीयांचा नव्हता

सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजमध्ये 6 नोव्हेंबर 1968 रोजी सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप हा फक्त कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचा लढा होता, असे आजही सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. ठिणगी कृष्णवर्णीयांच्याच प्रश्नावरून पडली होती, कारण ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या जहाल राजकीय पक्षाचे सदस्य असलेले अध्यापक जॉर्ज मरे यांना निलंबित करण्यात आले होते. परंतु ब्लॅक स्टुडंट्स युनियनच्या 10 मागण्यांना थर्ड वर्ल्ड लिबरेशन फ्रंटने आपल्या 5 मागण्या जोडल्या, आणि या आघाडीत मेक्सिकन, लॅटिन अमेरिकी, फिलिपिनो, चिनी व जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांच्या संघटना होत्या. ‘आशियाई विद्यार्थी मुकाट्याने शिकत राहिले’ हा समज म्हणूनच टिकत नाही. संप मोडू पाहणारे हंगामी अध्यक्ष एस. आय. हायाकावा हे स्वतः जपानी वंशाचे होते, तरीही आशियाई विद्यार्थी त्यांच्याविरुद्ध उभे राहिले. वंशावरून बाजू ठरवणाऱ्यांनी हे मुद्दाम लक्षात घ्यावे. जानेवारी 1969 मध्ये शिक्षक संघटनाही संपावर गेली. मार्चमध्ये तडजोड झाली, सर्व मागण्या काही पदरात पडल्या नाहीत, मात्र त्याच वर्षी वांशिक अभ्यासाचे, म्हणजे अशा वांशिक समाजांचा इतिहास व संस्कृती शिकवणारे, स्वतंत्र महाविद्यालय तेथे सुरू झाले.