नव्या सर्व्हरच्या पोटात १९८१चं बायोस

व्हर्च्युअल मशीनची डिस्क मोठी करणं हल्ली दोन मिनिटांचं काम आहे. मशीन बंद केलं, २ टेराबाइटच्या जागी ३ लिहिलं, पुन्हा सुरू केलं. पण आत विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडावं, तर २०४८ जीबीपर्यंत सगळं सुरळीत आणि उरलेले १०२४ जीबी नुसते दिसतात. त्यांवर राइट-क्लिक केलं तरी नवीन व्हॉल्यूम करायचा पर्याय फिकट पडलेला असतो. डिस्कमध्ये बिघाड नसतो, परवान्याचीही अडचण नसते. मशीन तयार करताना ज्या फर्मवेअरवर ते उभं केलं, तिथे ही गाठ बसलेली असते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे संगणकाचं सोंग घेतलेली प्रणाली. तिची डिस्क ही यजमान संगणकावरची एक फाइल, नेटवर्क कार्ड हा एक प्रोग्रॅम, आणि मशीन चालू होताच सर्वांत आधी धावणारं फर्मवेअर, तेही सॉफ्टवेअरच. क्यूईएमयू या मुक्त प्रणालीत पीसी प्रकारचं मशीन केलं आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर सीबायोस नावाचं फर्मवेअर मिळतं, म्हणजे पीसीमधल्या जुन्या बायोस या फर्मवेअरचंच मुक्त रूप. त्याच्याभोवती जो मदरबोर्ड उभा राहतो, तो इंटेलच्या १९९६ सालच्या ४४०एफएक्स चिपसेटची नक्कल असतो. खाली यंत्र या वर्षीचं असो, आतल्या पाहुण्या प्रणालीला दिसतं ते जुनं घर.

बायोसची मूळ रचना १९८१च्या आयबीएम पीसीमधली. त्यातल्या ८०८८ प्रोसेसरला पत्त्यांसाठी २० तारा होत्या, म्हणून त्याला १ मेगाबाइटपलीकडची मेमरी दिसतच नसे. बायोस चालू झालं की डिस्कचा पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत आणतं आणि त्यात लिहिलेल्या सूचना पाळू लागतं. या ५१२पैकी सूचनांसाठी उरतात साधारण ४४६ बाइट. देवनागरीचं एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात, म्हणजे या जागेत दीडशे चिन्हंसुद्धा मावत नाहीत. हा परिच्छेद तर त्यात शिरणारच नाही. एवढ्याशा जागेतून पुढची प्रणाली जागी करायची असते.

याच सेक्टरमध्ये डिस्कच्या वाटण्यांचा तक्ता असतो, ६४ बाइटांचा. त्यात चारच नोंदी बसतात. प्रत्येक नोंदीत वाटणी कुठल्या सेक्टरपासून सुरू होते आणि तिच्यात किती सेक्टर आहेत, हे ३२ बिटांत लिहितात. ३२ बिटांत मावणारे आकडे ४,२९,४९,६७,२९६. प्रत्येक सेक्टर ५१२ बाइटांचा, म्हणजे गुणाकार होतो सुमारे २ लाख २० हजार कोटी बाइट. तेच आपले २०४८ जीबी. ही रचना आली १९८३ साली, १० मेगाबाइटची हार्ड डिस्क ही चैन होती तेव्हा. त्या वेळी ३२ बिट निवडणाऱ्यांना मी दोष देणार नाही.

इथे एक फरक नीट समजून घ्यायला हवा. ही मर्यादा त्या तक्त्याची आहे. नवा तक्ता, जीपीटी, ६४ बिटांचे आकडे वापरतो. पण बायोसवरून सुरू होणारं विंडोज बूट डिस्कवर जुनाच तक्ता मागतं. लिनक्सचा ग्रब हा बूटलोडर, म्हणजे प्रणाली जागी करणारा छोटा प्रोग्रॅम, मात्र डिस्कवर १ मेगाबाइटची छोटी वाटणी राखून बायोस असतानाही जीपीटीवरून सुरू होतो. म्हणून एकाच यजमानावर लिनक्सचं मशीन ३ टेराबाइट वापरतं आणि शेजारचं विंडोज अडून बसतं.

जुनं फर्मवेअर सांभाळायचं म्हणजे किती काय सांभाळावं लागतं, याचं माझं आवडतं उदाहरण ए२० तारेचं. १९८४च्या पीसी-एटीमध्ये मेमरी १ मेगाबाइटपलीकडे गेली. पण काही जुने प्रोग्रॅम १ मेगाबाइटनंतर पत्ता पुन्हा शून्यावर येतो हे गृहीत धरून लिहिलेले होते. त्यांच्यासाठी आयबीएमनं ही २१वी तार (मोजणी शून्यापासून, म्हणून नाव ए२०) कीबोर्डच्या कंट्रोलरमधल्या एका रिकाम्या पिनेला जोडली, म्हणजे हवी तेव्हा ती बंद करता येईल. या जोडणीची हुबेहूब नक्कल क्यूईएमयूमध्ये आजही आहे. व्हर्च्युअल मशीनला प्रोसेसरमधूनच मदत करणाऱ्या इंटेलच्या २००५च्या व्हीटी-एक्स तंत्राला तर बायोस ज्यात सुरू होतं तो १६ बिटांचा प्रारंभिक काळ पाहुण्यासाठी थेट चालवताच येत नसे. ती सोय प्रोसेसरमध्ये २०१०च्या सुमारास आली.

जागेपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती सुरक्षिततेची. पहिल्या सेक्टरमध्ये जे लिहिलं असेल ते बायोस निमूटपणे चालवतं. ते कुणी लिहिलं, मध्ये कुणी बदललं का, हे तपासायची सोयच त्यात नाही. यूईएफआय या नव्या फर्मवेअरमधलं सिक्युअर बूट बूटलोडरवरची डिजिटल सही तपासतं आणि सही जुळली नाही तर पुढे जात नाही. २०२१मध्ये आलेल्या विंडोज ११नं यूईएफआय आणि टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप) या अटीच घातल्या, आणि बायोसवरची असंख्य मशीनं तिथेच थांबली.

व्हर्च्युअल मशीनं चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीमध्ये २०१३पासून मशीनच्या दोन पिढ्या आहेत: पहिली बायोसची, दुसरी यूईएफआयची. मशीन करताना निवडलेली पिढी नंतर तिथे बदलता येत नाही. वाट आहे, पण वळणाची. आधी बॅकअप घ्यायचा, एमबीआर२जीपीटी या विंडोजच्याच साधनानं जुना तक्ता (एमबीआर) बदलून जीपीटी करायचा, डिस्कची फाइल जुन्या व्हीएचडी प्रकारची असेल तर ती नव्या व्हीएचडीएक्स प्रकारची करून घ्यायची आणि दुसऱ्या पिढीचं नवं मशीन करून त्याला ती डिस्क जोडायची. आपलं मशीन कशावर आहे हे सिस्टिम इन्फर्मेशनमधल्या ‘बायोस मोड’ या ओळीत दिसतं. तिथे ‘लेगसी’ असेल तर ते बायोसवरच आहे.

यूईएफआयवर गेलो की सुटलो, असंही नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०११ सालच्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत जून २०२६पासून संपत जाते. मशीन त्यामुळे बंद पडत नाही, पण बूटसंबंधीच्या पुढच्या सुरक्षा दुरुस्त्या त्याला मिळेनाशा होतात. व्हर्च्युअल मशीनची प्रमाणपत्रं त्याच्या स्वतःच्या आभासी फर्मवेअरमध्ये साठवलेली असतात. यजमानाची बदलली म्हणून पाहुण्याची आपोआप बदलत नाहीत. एकेका मशीनमध्ये जाऊन पाहावं लागतं.