हात न टेकवता उठता येतं का?

हात नसलेली एक खुर्ची घ्या आणि ती भिंतीला टेकवून ठेवा. दोन्ही हात छातीवर बांधून बसा आणि न थांबता पाच वेळा पूर्ण उभं राहा, पुन्हा बसा. जवळ कुणाला तरी उभं करून वेळ मोजायला सांगा. १५ सेकंदांच्या आत जमलं तर ठीक. त्याहून जास्त वेळ लागला, तर स्नायूंची ताकद घटली असावी असं धरून डॉक्टर पुढची तपासणी करतात. हात टेकवल्याशिवाय उठताच येत नसेल, तर पुढचा मजकूर जरा सावकाश वाचा.

म्हातारपण म्हटलं की आपल्याला पांढरे केस आणि सुरकुत्या आठवतात. पण केस पिकल्यामुळे कुणी परावलंबी होत नाही. जिना चढवेना, संडासातून उठवेना, अंघोळ करताना तोल जाऊ लागला, की दुसऱ्याचा हात लागतो. या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा स्नायू असतात. साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचे आकडे आपल्याला तोंडपाठ असतात, मांड्यांमध्ये किती जोर उरला आहे हे मात्र कुणी विचारत नाही.

‘वय झालं आता’ या तीन शब्दांत आपण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करून टाकतो. एक वयाने खरोखर घडवलेली, दुसरी न वापरल्यामुळे घडलेली. पहिलीपुढे फारसं काही चालत नाही. दुसरी बरीचशी परत फिरवता येते.

आधी पहिलीबद्दल. डोळ्यातलं भिंग वर्षागणिक कडक होत जातं, म्हणून चाळिशीच्या आसपास जवळचं वाचताना कागद लांब धरावा लागतो. चश्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणणाऱ्या आपल्या भाषेने हे फार पूर्वी ओळखलं होतं. आतल्या कानातल्या केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत, आणि आधी जातात त्या बारीक, उंच पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता हळूहळू उतरते. तहान कमी लागते, म्हणून वयस्कर माणसांनी तहानेची वाट न पाहता पाणी प्यावं.

रक्तवाहिन्यांची गोष्ट मला सर्वांत विलक्षण वाटते. त्यांच्या भिंतींमध्ये इलॅस्टिन नावाचं लवचीक प्रथिन असतं. ते बहुतेक सगळं जन्माआधी आणि बालपणात तयार होतं, नंतर शरीर ते नव्याने फारसं बनवत नाही. म्हणजे साठाव्या वर्षीही आपण बालपणीचंच रबर वापरत असतो. हृदयाचे ठोके दिवसाला सुमारे एक लाख पडतात आणि प्रत्येक ठोक्याला ते ताणलं जातं. ते झिजतं, वाहिन्या ताठर होतात आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढत जातो. ‘या वयात एवढा असायचाच’ असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. अमेरिकेत साठीपुढच्या ४,७३६ लोकांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीने १९९१ मध्ये हा समज मोडून काढला. फक्त वरचा आकडा वाढलेल्या या लोकांना औषध दिल्यावर पक्षाघाताचं प्रमाण ३६ टक्क्यांनी घटलं. तेव्हा झीज वयाची असली, तरी तिच्यावर उपाय नसतो असं नाही. वरचा आकडा वाढलेला दिसला तर तो वयाच्या खाती टाकून मोकळं होऊ नका.

आता दुसरी गोष्ट. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या डॅलस इथे संशोधकांनी विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवलं. विश्रांतीचा शरीरावर काय परिणाम होतो ते त्यांना मोजायचं होतं. जोरात व्यायाम करताना शरीर जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकतं, ती क्षमता या तीन आठवड्यांत ढासळली. तीस वर्षांनी, पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा शोधून तपासलं गेलं. वजन वाढलं होतं, चरबी दुप्पट झाली होती. तरीही तीस वर्षांच्या वयाने त्यांची जेवढी क्षमता कमी केली होती, त्याहून जास्त ती विशीतल्या त्या तीन आठवड्यांनी केली होती. पुढे सहा महिने त्यांच्याकडून चालणं, पळणं, सायकल चालवणं असा व्यायाम करून घेतला. तीस वर्षांत गमावलेली क्षमता भरून निघाली. हृदयाची रक्त ढकलण्याची कमाल ताकद काही या व्यायामाने वाढली नव्हती. रक्तातून प्राणवायू ओढून घ्यायला स्नायू पुन्हा शिकले होते.

पाचच माणसांवरचा हा प्रयोग लहान आहे हे खरं. पण एकाच माणसाची तीस वर्षांनी पुन्हा मोजणी होणं ही दुर्मीळ गोष्ट आहे, आणि मला तरी हा निष्कर्ष वाचल्यापासून ‘वय झालं’ हे शब्द सहज उच्चारता येत नाहीत.

स्नायूंमध्ये नेमकं काय होतं? तिशीनंतर दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होतात आणि साठीनंतर हा वेग वाढतो. या झिजेला ‘सार्कोपेनिया’ हे नाव १९८० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलं. ग्रीक भाषेत सार्क्स म्हणजे मांस आणि पेनिया म्हणजे उणीव. वजनकाट्यावर ही उणीव दिसत नाही, कारण कमी झालेल्या स्नायूच्या जागी चरबी शिरते. मांडीचा घेर तोच राहतो, आतला ऐवज बदलतो.

स्नायूचा प्रत्येक तंतू पाठीच्या कण्यातून निघालेल्या एका चेतापेशीच्या हुकमावर चालतो. एक चेतापेशी असे अनेक तंतू सांभाळते. वयानुसार काही चेतापेशी मरतात आणि त्यांचे तंतू पोरके होतात. अशा वेळी शेजारची जिवंत चेतापेशी नवा फाटा फोडते आणि त्यातल्या काही तंतूंना आपल्याकडे घेते. जे दत्तक जात नाहीत ते वाळून जातात. ही पडझड आणि ही सारवासारव आपल्या नकळत वर्षानुवर्षं चालू असते. व्यायाम करणाऱ्यांमध्ये हे दत्तक घेणं अधिक चांगलं होतं, असं आयुष्यभर खेळत राहिलेल्या वृद्धांच्या स्नायूंच्या अभ्यासांतून दिसतं.

या पडझडीत सगळे तंतू सारखे भरडले जात नाहीत. सावकाश पण दीर्घकाळ काम करणारे तंतू बऱ्यापैकी टिकतात. झटक्यात जोर लावणारे जलद तंतू जास्त बारीक होतात. म्हणून सत्तरीतला माणूस तासभर संथ चालू शकतो, पण ठेच लागल्यावर दुसरा पाय झपकन पुढे टाकणं त्याला जमत नाही. पडणं होतं ते इथे. आणि रजोनिवृत्तीनंतरच्या काही वर्षांत स्त्रियांची हाडं झपाट्याने विरळ होत असल्याने, त्याच पडण्याने खुब्याचं हाड मोडतं.

मग माणूस अंथरुणाला खिळतो, आणि चक्र पूर्ण होतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या निरोगी स्वयंसेवकांना फक्त दहा दिवस अंथरुणात ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतलं जवळजवळ एक किलो मांस गेलं. निरोगी माणसांची ही स्थिती, तर तापाने किंवा शस्त्रक्रियेने आधीच खचलेल्या माणसाची काय होत असेल! घरातलं वयस्कर माणूस आजारी पडलं की आपण मायेने ‘तुम्ही अजिबात उठू नका’ म्हणतो. माया खरी असते, पण या वाक्याने नुकसान होतं. डॉक्टरांना आवर्जून विचारा: आज खुर्चीत बसवू का, चार पावलं चालवू का?

पोट सुटण्याचं खापर मात्र वयावर फोडता येत नाही. चाळिशीत चयापचय मंदावतो असं सगळेच म्हणतात. आठ दिवसांच्या बाळापासून ९५ वर्षांपर्यंतच्या ६,४०० हून अधिक लोकांच्या नोंदी तपासणारा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. शरीराचा आकार आणि घडण हिशोबात घेतल्यावर, विशीपासून साठीपर्यंत चयापचयाचा वेग जवळपास स्थिर असल्याचं त्यात दिसलं. उतार लागतो तो साठीनंतर, तोही वर्षाला एक टक्क्याहून कमी.

आता गेलेली ताकद परत मिळते का? मिळते, आणि किती उशिरा मिळू शकते हे थक्क करणारं आहे. १९९० मध्ये मारिया फियातारोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या एका शुश्रूषागृहातल्या दहा वृद्धांना वजनं उचलायला लावली. त्यांची वयं होती ८६ ते ९६. वजनं लुटुपुटीची नव्हती, प्रत्येकाच्या पायांच्या कमाल ताकदीच्या ८० टक्क्यांपर्यंत ती नेली होती, अर्थात देखरेखीखाली. आठ आठवड्यांत, शेवटपर्यंत टिकलेल्या नऊ जणांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांची काठी सुटली.

या वृद्धांनी केला तो ताकदीचा व्यायाम. चालणं त्याची जागा घेऊ शकत नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं, कारण ‘मी रोज चालतो’ म्हणून निर्धास्त असलेली माणसं फार आहेत. चालण्याने हृदय, फुप्फुसं, मन सगळं सुधारतं, पण ते सावकाश तंतूंचं काम. जलद तंतूंना जाग येते ती जोर लावावा लागल्यावर. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० चा सल्ला म्हणूनच तिहेरी आहे: आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल पण बोलता येईल असा व्यायाम, किमान दोन दिवस ताकदीचा, आणि पासष्टीनंतर किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचाही.

या व्यायामाला कच्चा माल लागतो तो प्रथिनांचा. म्हातारपणी भूक मंदावते आणि ताटातून आधी नेमकी प्रथिनंच कमी होतात. त्यातच वयस्कर स्नायू प्रथिनांना सावकाश प्रतिसाद देतो. म्हणून वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८ ग्रॅम या प्रौढांच्या प्रमाणाऐवजी वृद्धांनी १ ते १.२ ग्रॅम घ्यावीत, असं या विषयातले अनेक तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवू नका. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते. तसं होत असेल तर गोळी मनाने बंद न करता डॉक्टरांना दाखवा.

सुरुवात त्याच खुर्चीपासून करता येते. छातीत दुखत असेल, नुकती शस्त्रक्रिया झाली असेल किंवा गुडघे फार धरले असतील, तर आधी डॉक्टरांशी बोला. उठणं जड जात असेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून ती उंच करा. उठताना श्वास सोडा, बसताना धपकन न बसता मनात तीन आकडे मोजत बसा, कारण स्नायू खाली येतानाही कमावला जातो. आठ-दहा वेळा करा, थोडं थांबा, पुन्हा एकदा करा, आणि हे दिवसाआड ठेवा. दहा वेळा सहज जमू लागलं की पातळ उशी घ्या, मग उशी काढून टाका. त्यानंतर हातात पाण्याची भरलेली बाटली धरा.